धानाच्या मातीतली भित्तिकला

छत्तीसगडच्या उत्तरेकडील सरगुजा भागात रजवार या शेतकरी समाजाच्या स्त्रिया जी भित्तिशिल्पे घडवतात, त्यांत भाताचे रोप हे चित्राचा विषय होण्याआधीच चित्राचे द्रव्य झालेले असते. रायपूरसारख्या शहरात ही कला तिच्या गावापासून दूर पाहताना नेमकी हीच गोष्ट नजरेतून निसटण्याचा संभव असतो.

या कामाचा हंगाम पीकच ठरवते. मळणी उरकून धान घरात आले की पौष पौर्णिमेच्या छेरता सणासाठी घरे सारवून नवी केली जातात. रायपूरच्या मैदानी मुलखात हाच दिवस छेरछेरा म्हणून साजरा होतो आणि मुले दारोदार फिरून नवे धान मागतात. मातीत शेण आणि बारीक केलेला पेंढा किंवा तूस कालवल्यामुळे ती वाळताना सहसा तडकत नाही व उठावाची आकृती भिंतीला धरून राहते. हा लगदा हाताने दाबून झाडे, पक्षी आणि माणसे उभी केली जातात, बांबूच्या कामट्या वाकवून, बांधून व लिंपून जाळ्या तयार होतात, आणि त्यांवर छुही या पांढऱ्या मातीचा हात फिरतो. धान साठवण्याची कोठीही स्त्रिया अशाच मातीचे थर चढवून घडवतात. म्हणजे अन्न राखणे आणि घर सजवणे या दोन्हींमागे एकच कौशल्य आहे. पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांनी या कौशल्याला स्वतःची स्वतंत्र शैली दिली आणि १९८३ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

अन्न आणि चित्र यांचे असे नाते अन्यत्रही आढळते. वारली सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात व त्यात पालघट देवीची स्थापना करतात. मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रकार एमिली कामे उंग्वारे यांनी रानकंदाची मुळे व बिया कॅनव्हासवर आणल्या, त्याआधी तेथील स्त्रिया विधींच्या वेळी अंगावर रेषा रंगवीत आल्या होत्या.

नवा रायपूरमध्ये २००६ साली खुले झालेले पुरखौती मुक्तांगण राज्याच्या लोककला शहरवासीयांसमोर मांडते, आणि हे काम मोलाचे आहे. परंतु दरवर्षी सारवून नवी होणारी ही कला केवळ कायमस्वरूपी नमुने जपल्याने टिकत नाही. घरची शेती, मातीच्या भिंती आणि लेकीसुनांना हात बसवण्याइतकी सवड या तिन्ही गोष्टी राखणे, हेच तिचे खरे जतन होय.