गिगाहर्ट्झपासून वॉटपर्यंत : प्रोसेसरच्या तुलनेचा खरा निकष

दिल्लीतील नेहरू प्लेस ही देशातील संगणक व्यवसायाची एक प्रमुख बाजारपेठ होय. या शतकाच्या आरंभी तेथे, किंबहुना देशभर सर्वत्र, डेस्कटॉप संगणकाची प्रत प्रामुख्याने एकाच आकड्यावरून ठरवली जात असे. तो आकडा म्हणजे प्रोसेसरची घड्याळगती. इंटेल कंपनीने नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ हा प्रोसेसर आणला, तेव्हा त्याची घड्याळगती १.५ गिगाहर्ट्झपर्यंत होती. नोव्हेंबर २००४ मध्ये ती ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचली.

त्यानंतर सुमारे १९ वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, अ‍ॅपल कंपनीच्या आयफोन १५ प्रो या फोनमध्ये ए१७ प्रो ही चिप आली. तिची कमाल घड्याळगतीही सुमारे ३.८ गिगाहर्ट्झच आहे. तरीही ही चिप त्या डेस्कटॉप प्रोसेसरपेक्षा कितीतरी पट अधिक काम करते आणि त्यासाठी विजेचा अल्प अंशच वापरते. घड्याळगती तीच असताना एवढे अंतर कशामुळे पडले, हे समजून घेतल्यास गेल्या दोन दशकांतील संगणक-तंत्रज्ञानाची दिशा स्पष्ट होते.

एका ठोक्यात किती काम?

प्रोसेसरमधील सर्व क्रिया एका विद्युत घड्याळाच्या ठोक्यांवर चालतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके. मात्र ठोक्यांची संख्या म्हणजे कामाचे मोजमाप नव्हे. एकूण काम हे ठोक्यांची संख्या आणि प्रत्येक ठोक्यात पूर्ण होणाऱ्या आज्ञांची सरासरी संख्या यांच्या गुणाकाराने ठरते.

पेंटियम ४ ची रचना पहिल्या घटकावर भर देणारी होती. कारखान्यातील जुळणीपट्ट्याप्रमाणे प्रोसेसरमध्येही आज्ञा टप्प्याटप्प्याने पुढे सरकतात. प्रत्येक टप्पा लहान ठेवला की घड्याळ वेगाने चालवता येते. पेंटियम ४ च्या २००४ मधील आवृत्तीत असे ३१ टप्पे होते. याचा तोटाही होता. कार्यक्रमात ‘असे असल्यास हे करा, नसल्यास ते करा’ अशी आज्ञा येते, तेव्हा प्रोसेसर पुढील वाटेचा अंदाज बांधून काम चालू ठेवतो. तो अंदाज चुकला की चुकीच्या वाटेवरील अर्धवट काम टाकून द्यावे लागते. पट्टा जितका लांब, तितके हे नुकसान अधिक. आधुनिक मोबाइल प्रोसेसरमध्ये पट्टा तुलनेने आखूड, पण बराच रुंद असतो. एकाच ठोक्यात अनेक आज्ञा हाताळणे, वाटेचा अंदाज अधिक अचूक बांधणे आणि वारंवार लागणारी माहिती जवळच्या मोठ्या स्मृतिकोशात ठेवणे, ही त्याची वैशिष्ट्ये आहेत.

विजेची भिंत

प्रोसेसरला लागणारी वीज स्थूलमानाने घड्याळगतीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घड्याळगती वाढवण्यासाठी बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. दोन्ही २० टक्क्यांनी वाढवल्यास विजेचा खप सुमारे ७३ टक्क्यांनी वाढतो. ही सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते.

आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एक महत्त्वाचे तत्त्व मांडले होते. ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसे व्होल्टेजही कमी करता येईल आणि प्रति चौरस मिलिमीटर लागणारी वीज स्थिर राहील, असे त्याचे सार होते. सुमारे तीन दशके हे तत्त्व उपयोगी पडले. पुढे अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टरमधून होणारी विजेची गळती वाढली आणि व्होल्टेज आणखी कमी करणे अवघड झाले. परिणामी ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ साठी ११५ वॉट उष्णता बाहेर टाकू शकणारी शीतकरण-व्यवस्था आवश्यक ठरली. ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केली. २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओ मालिकेतील २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ६५ वॉटमध्ये काम करीत असे. घड्याळगती कमी असूनही तो अधिक कार्यक्षम ठरला. तेव्हापासून स्पर्धेचा निकष ‘प्रति वॉट काम’ हा झाला.

मोबाइलची शिस्त

आयफोन १५ प्रो च्या बॅटरीत सुमारे १३ वॉट-तास ऊर्जा साठते. ११५ वॉटचा प्रोसेसर त्या बॅटरीवर जेमतेम सात मिनिटे चालेल. फोनमध्ये पंखाही नसतो. म्हणून मोबाइल चिपची मांडणी आरंभापासून काटकसरीची असते. ए१७ प्रो मध्ये सहा गाभे आहेत : जड कामासाठी दोन शक्तिशाली आणि नित्याच्या कामासाठी चार मितव्ययी. जो भाग वापरात नाही, त्याचा वीजपुरवठा खंडित केला जातो.

निर्मितितंत्रातील अंतरही मोठे आहे. २००४ मधील पेंटियम ४ हा ९० नॅनोमीटर तंत्रावर बनला होता आणि त्यात १२.५ कोटी ट्रान्झिस्टर होते. ए१७ प्रो ३ नॅनोमीटर तंत्रावर बनली असून जवळजवळ तेवढ्याच क्षेत्रफळात तिच्यात १,९०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत, म्हणजे सुमारे १५२ पट. येथे दोन बाबी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. एक, ‘३ नॅनोमीटर’ हे आता तंत्राच्या पिढीचे नाव आहे. ते चिपवरील एखाद्या भागाचे प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. दोन, मोबाइल चिपवर चित्रप्रक्रिया, कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचे स्वतंत्र विभागही असतात. त्यामुळे सर्व ट्रान्झिस्टर मुख्य प्रोसेसरचे नसतात.

तुलनेला मर्यादाही आहेत. दीर्घकाळ जड काम केल्यास फोन तापतो आणि चिपला आपली गती कमी करावी लागते. शिवाय दोघांची आज्ञावलीही वेगळी आहे : पेंटियमची एक्स८६, तर मोबाइलची एआरएम. एकासाठी तयार केलेला कार्यक्रम दुसऱ्यावर थेट चालत नाही.

राजधानी परिसर आणि देशापुढील आव्हान

प्रोसेसरचा आराखडा, चिपनिर्मिती, चाचणी व वेष्टन आणि उपकरणाची जुळणी असे या उद्योगाचे चार टप्पे आहेत. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात आराखडा आणि जुळणी हे दोन टप्पे रुजले आहेत. नोएडा व ग्रेटर नोएडा येथे क्वालकॉम, एनएक्सपी, एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स यांची केंद्रे आहेत. रेनेसास कंपनीच्या ३ नॅनोमीटर चिपच्या आराखडा केंद्राचे उद्घाटन मे २०२५ मध्ये नोएडा येथे झाले. सॅमसंगच्या विस्तारित मोबाइल कारखान्याचे उद्घाटन तेथेच जुलै २०१८ मध्ये झाले होते. जेवर येथील एचसीएल-फॉक्सकॉन प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मंजुरी दिली.

उणीव आहे ती प्रत्यक्ष चिपनिर्मितीची. डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर कार्यक्रम मंजूर झाला, तो ही उणीव भरून काढण्यासाठीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेला गुजरातमधील धोलेरा येथील कारखाना २८ नॅनोमीटर व त्यापुढील जाडीच्या तंत्रांसाठी आहे.

मात्र प्रत्येक गरजेला ३ नॅनोमीटर तंत्र लागत नाही. २ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीतील यशोभूमी येथे पंतप्रधानांना ‘विक्रम ३२०१’ हा भारतीय प्रोसेसर सादर करण्यात आला. मोहाली येथील सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत तो १८० नॅनोमीटर तंत्रावर बनला आहे. सन २००० मधील पहिला पेंटियम ४ याच तंत्रावर बनला होता. अग्निबाणातील कठोर परिस्थितीत वेगापेक्षा विश्वासार्हता महत्त्वाची असते आणि ती गरज हे तंत्र पूर्ण करते. प्रोसेसर जुना की नवा, एवढ्याने त्याचे मोल ठरत नाही. कोणते काम, किती विजेत आणि किती भरवशाने होते, यावर ते ठरते. चिपविषयक धोरणाचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हायला हवे.