एकाच आकड्याची दोन कलमं

‘ऑन्टॉलॉजी’ हा शब्द जड वाटतो, म्हणून आपण उदाहरणच घेऊ. ‘कलम 302’ म्हटलं की आपल्याला खून आठवतो. पण 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात खुनाची शिक्षा कलम 103 मध्ये आहे. कलम 302 आहे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल. शिवाय त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो. म्हणजे दोन्ही 302 आज कोर्टात आहेत. नुसता आकडा शोधणाऱ्या संगणकाला हा फरक कळणार कसा?

ऑन्टॉलॉजीत आपण संकल्पना आणि त्यांची नाती संगणकाला समजतील अशी लिहून ठेवतो: गुन्हा कोणता, कलम कोणत्या कायद्याचं, कधीपासून लागू, त्याच्या जागी कोणतं आलं. युरोपीय संघाच्या परिषदेने 2012 मध्ये शिफारस केलेली ‘एली’ पद्धत याच वाटेची. ती कायद्याला वेबवर कायमचा पत्ता देते. मूळ कायदा, त्याचा एखाद्या भाषेतला मजकूर आणि फाइल या तीन गोष्टी वेगळ्या ओळखते. म्हणून एका देशाची माहिती दुसऱ्या देशाला वापरता येते.

कायद्याचा अर्थ लावणं हे काम न्यायालयाचंच. ऑन्टॉलॉजी फक्त योग्य कलम समोर आणते. पण आरोपपत्र हातात पडलेल्या माणसासाठी तेवढंही थोडं नाही.