सातबाऱ्यावर वाळवीची नोंद नसते

हिवरे बाजारात घर विकत घ्यायचं कुणाच्या मनात असेल, तर तो बेत आधीच सोडून द्यावा. बाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही, असा नगर तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामसभेचा नियम आहे. पण सावेडीत, केडगावात किंवा पुण्यात जुनं घर बघत हिंडणाऱ्याने या गावाची एक सवय जरूर उचलावी: आधी पाण्याचा हिशेब, मग बाकी सगळं. वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाच्या या गावात पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावर पिकं ठरतात. घराला लागणाऱ्या किडीचं गणितही बरंचसं पाण्याचंच असतं.

वाळवीचंच घ्या. तिचा कामकरी किडा पांढुरका, मऊ कातडीचा. कोरड्या हवेत उघड्यावर आला की पटकन सुकून मरतो. म्हणून ती भिंतीवरून चढताना माती, लाळ आणि विष्ठा कालवून पेन्सिलएवढ्या जाडीची नळी बांधते आणि आतला ओलावा धरून ठेवते. लाकडातलं सेल्युलोज पचवण्यासाठीही तिला मदत लागते. आपल्याकडची वारुळं बांधणारी ओडोन्टोटर्मिस जातीची वाळवी त्यासाठी वारुळात बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी हे त्याच शेतीचं पीक. रानात पालापाचोळा कुजवून माती करण्याचं मोठं काम ती करते, त्यामुळे हिवरे बाजारच्या डोंगरावर तिच्याशी वैर धरण्याचं कारण नाही. वैर सुरू होतं ते ती जोत्यावरून चौकटीत शिरली की.

तपासणीला आलेला माणूस जाणता असेल तर तो दिवाणखान्यात रमत नाही. तो थेट न्हाणीघराच्या चौकटीपाशी, स्वयंपाकघराच्या सिंकखाली, जिन्याखालच्या अडगळीत, पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या भिंतीकडे जातो. पेचकसाच्या मुठीने लाकूड ठोकतो. भरीव लाकडाचा आवाज ठणठणीत येतो, पोकळ झालेल्याचा बद्द. वाळवी बाहेरचा रंगाचा पापुद्रा बहुतेक वेळा तसाच ठेवते, त्यामुळे चकचकीत रंगवलेल्या चौकटीत पेचकसाचं टोक अर्धा इंच आत जाऊ शकतं. भिंतीवर मातीची नळी सापडली तर ती पूर्ण पुसू नये. मधला दोन बोटांचा तुकडा मोडून दोन-तीन दिवसांनी पाहावं. तुटका भाग ओल्या मातीने पुन्हा सांधलेला दिसला तर वसाहत जिवंत आहे. नाही दिसला, तर मात्र ‘वाळवी गेली’ असं समजू नये, तिने वाट बदललेली असू शकते.

चौकटीखाली पिठासारखी बारीक भुकटी आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं असली तर तो लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा उद्योग, वाळवीचा नव्हे. दोघांचा उपाय वेगळा, म्हणून निदान आधी. सागवान आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ भेटतात. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी रसायनं असतात हे खरं, पण गाभ्याबाहेरच्या पांढऱ्या लाकडाला ते संरक्षण नसतं, आणि स्वस्तातल्या ‘सागवानी’ चौकटीत ते पांढरं लाकूड बरंच असतं. नगरकडच्या जुन्या धाब्याच्या घरात तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी बघावं. माळवद गळलं की पाणी तिथेच मुरतं.

डासांचा मामला याहून सोपा, तरी घर घेताना त्याकडे कुणी बघत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी जमिनीत जिरवलं, उघडी गटारं संपली आणि डासही हटले. शोषखड्ड्याने गटारातला क्युलेक्स डास जातो. डेंग्यू पसरवणारी एडिस मात्र स्वच्छ साठवलेलं पाणी पसंत करते, तिची अंडी टाकीच्या आतल्या भिंतीला चिकटून कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. म्हणून गच्चीवर चढून टाकीचं झाकण बसतं का, कुंड्यांखालच्या ताटल्यांत, गच्चीच्या कोपऱ्यात पाणी साचतं का, हे स्वतः पाहावं.

अमेरिकेत काही प्रकारच्या गृहकर्जांसाठी लाकूड खाणाऱ्या किडींचा तपासणी अहवाल लागतो. आपल्याकडे बँक मालकीचा सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकन मागते. वाळवीचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. नवं बांधकाम असेल तर बिल्डरला आयएस ६३१३ या भारतीय मानकाप्रमाणे पायाच्या मातीवर प्रक्रिया केली का, हे विचारावं आणि त्याची पावती मागावी. जुन्या घराच्या प्रक्रियेत भिंत आणि जमीन जुळते तिथे साधारण फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडलं जातं. पाहणी न करता फोनवर भाव सांगणारा आणि वर दहा वर्षांची हमी देणारा भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. हमी लिहून देणारी संस्था दहा वर्षं टिकेल याची हमी कोण देणार?

आणखी एक गोष्ट खटकते. तपासणी फुकट करून देणारा बहुतेकदा फवारणीही विकत असतो, मग त्याला वाळवी सापडलीच पाहिजे. तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत, शक्यतो वेगळ्या माणसाला द्यावेत आणि फवारणी करणाऱ्याकडे कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना आहे का ते बघावं. अहवालात सापडलेल्या गोष्टींइतक्याच न बघता आलेल्या जागाही लिहून घ्याव्यात: पीओपीच्या छताआड, मॉड्युलर किचनमागे, भिंतीला ठोकलेल्या पॅनेलच्या पाठीमागे. नवा रंग आणि नवं पॅनेल फक्त एकाच खोलीला असेल, तर तिथे जरा जास्त वेळ थांबावं.

पहिल्या जोराच्या पावसानंतर आठवडाभरात घर बघायला मिळालं तर उत्तम. पंखवाली वाळवी त्याच दिवसांत उडते, आणि खिडकीच्या कट्ट्यावर गळून पडलेले पंख मालकाच्या तोंडी खात्रीपेक्षा जास्त सांगतात. पंख घराच्या आतल्या बाजूला ढिगाने असतील, तर वसाहत घराच्या आत किंवा अगदी लागून असण्याची शक्यता मोठी. हे सगळं इसार देण्याआधी करावं. इसारपावती झाल्यावर सापडलेल्या वाळवीचा खर्च विकणारा सहसा उचलत नाही.