घेर सुंदर, पण सांभाळून!

घेरदार बॉलगाउन म्हणजे एकदम सिंड्रेला लुक! पण त्या घेराखाली असायचं काय? आधी एकावर एक चढवलेले जड पेटीकोट. १८५६मध्ये युरोपात स्टीलच्या कड्यांचा हलका पिंजरा आला, क्रिनोलिन. ओझं उतरलं, पाय मोकळे झाले. गोची एकच. घेराची कड कुठवर पोहोचलीय, हे घालणारीलाच कळायचं नाही. त्यात मेणबत्त्या, पेटती फायरप्लेस आणि अंगावर झिरझिरीत कापड!

क्रिनोलिनची फॅशन ओसरली, तरी धोका टळला नाही. १८७१मध्ये आयर्लंडमधल्या एका बॉलमध्ये ऑस्कर वाइल्डच्या सावत्र बहिणीच्या गाउनने पेट घेतला. दुसरी बहीण तिला वाचवायला धावली. दोघीही गेल्या.

तेव्हा कँडललाइट पार्टीला घेरदार गाउन घालणार असाल, तर मेणबत्त्यांपासून जरा लांबच!