ठिबक कॉफीचें महागडें यंत्र : घ्यावें कीं न घ्यावें ?



आमच्या भंडाऱ्याची ख्याति पितळेच्या भांड्यांसाठीं. अशा गांवच्या मनुष्यानें विजेवर चालणाऱ्या कॉफीच्या यंत्राविषयीं बोलावें, हें कोणास विचित्र वाटेल. परंतु या यंत्राची मूळ कथाच एका पितळी भांड्यापासून सुरू होते. सन १९०८ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं मेलिटा बेंट्झ नांवाची एक गृहिणी कॉफींतील गाळाला व कडवटपणाला कंटाळली. तिनें एका पितळी भांड्याच्या बुडास खिळ्यानें भोंकें पाडलीं, मुलाच्या शाळेच्या वहींतला टिपकागद कापून आंत बसविला, त्यावर पूड घातली आणि वरून कढत पाणी ओतलें. खालीं जी कॉफी उतरली ती निवळ आणि सौम्य होती. त्याच वर्षीं तिनें आपल्या युक्तीची सरकारदरबारीं नोंद केली. पुढें १९५४ सालीं जर्मनींतच गोटलोब विडमन यानें हीच क्रिया विजेच्या स्वाधीन केली व आपल्या यंत्रास ‘विगोमॅट’ असें नांव दिलें. बाजारांत ज्यास ‘ड्रिप कॉफी मेकर’ म्हणतात तीं आजचीं सर्व यंत्रें या दोन कल्पनांचींच वंशज होत. पाणी तापवावयाचें, पुडीवर शिंपावयाचें व कागदांतून खालच्या भांड्यांत गाळावयाचें, याखेरीज तीं दुसरें कांहीं करीत नाहींत.

मग कोणतें यंत्र तीन हजारांना आणि कोणतें पस्तीस हजारांना, हें कसें ? हाच प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनें मला विचारला. ती नागपुरास नोकरीस आहे. दिवाळीच्या सुमारास हातीं कांहीं रक्कम आली होती. यजमानांची इच्छा उत्तम कॉफीयंत्र घ्यावें, आणि तिच्या मनांत सासूबाईंच्या कानासाठीं ऐकण्याचें यंत्र. “गुरुजी, दोन्हीं यंत्रें होणार नाहींत. पहिलें खरोखरच तेवढ्या मोलाचें आहे काय, एवढें सांगा,” असें तिनें लिहिलें. कान आणि कॉफी यांची तुलना करण्याचें मीं टाळलें. तो त्या घरचा प्रश्न. पण यंत्राची पारख कशी करावी तें मात्र सविस्तर कळविलें. तेंच आज आपणांस सांगतों.

प्रथम कॉफी उतरते म्हणजे काय होतें तें पाहूं. पूड म्हणजे कांहीं साखर नव्हे. ती सर्वच्या सर्व विरघळत नाहीं. भाजलेल्या बियांचा सुमारें तीस टक्के भाग पाण्यांत उतरूं शकतो, परंतु तो सगळा उतरविणें इष्ट नसतें. १८ ते २२ टक्के उतरला तर चव समतोल लागते; त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबूस व पाणचट होते, अधिक उतरला तर कडू व तुरट. हें मोजमाप अमेरिकेंत प्राध्यापक अर्नेस्ट लॉकहार्ट यांनीं १९५० नंतरच्या दशकांत मांडलें व तें आजही जाणकार प्रमाण मानतात. हा समतोल साधावयाचा तर पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावें, लिटरभर पाण्यास सुमारें ५५ ग्रॅम पूड घ्यावी, आणि पाण्याचा व पुडीचा सहवास चार ते आठ मिनिटें घडावा. ज्या यंत्रास या तीन अटी पाळतां येतात तें चांगलें. बाकीचा सारा अलंकार.

आतां स्वस्त यंत्राच्या पोटांत डोकावूं. त्याच्या बुडाशीं घोड्याच्या नालासारखी वांकविलेली एक नळी असते व तिला लागून विजेनें तापणारी कांडी. टाकींतील पाणी नळींत उतरतें, तेथें उकळूं लागतें, आणि वाफेचे बुडबुडे पाण्याचे लहान लहान घोट वर ढकलीत नेतात. पाणी मागें फिरूं नये म्हणून एक बारीकशी झडप. पंप नाहीं, चाक नाहीं. युक्ति मोठी गमतीची आहे. दोष एवढाच कीं, कांडीची शक्ति बहुधा ६०० ते १००० वॅट असते, त्यामुळें पाणी रडतखडत चढतें. पहिले घोट थंड नळींतून व थंड पुडीवर पडून बरेच निवतात, आणि भांडें मोठें असेल तर सर्व पाणी उतरावयास दहा-बारा मिनिटें सहज जातात. म्हणजे आरंभीं पाणी हवें तितकें तापलेलें नाहीं, आणि शेवटीं पूड हवी त्याहून अधिक वेळ भिजलेली. शिवाय तीच कांडी खालचा तवाही तापविते. त्या तव्यावर कांचेचें भांडें ठेवून पाहुण्यांची वाट पाहिली कीं कॉफी अर्ध्या तासांत कढून कडू होते.

महाग यंत्राचा पैसा जातो तो येथें. नेदरलँड्समधील टेक्निव्होर्म कारखान्याचें ‘मोक्कामास्टर’ या वर्गांत नांवाजलेलें आहे. त्यांतही पाणी बुडबुड्यांच्याच बळावर चढतें. परंतु तापविण्याचा भाग तांब्याचा असून शक्ति १४०० वॅटांच्या वर असते. त्यामुळें पाणी आरंभापासून योग्य तापून येतें व सव्वा लिटरचें भांडें सुमारें सहा मिनिटांत भरतें. कांहीं नमुन्यांत तव्याऐवजीं थर्मासचें भांडें मिळतें. माझ्या मतें जास्तीचे पैसे देण्याजोगी गोष्ट ती हीच. मोडलेला भाग सुटा मिळून बदलतां येणें, हाही या किंमतीचा एक अंश आहे. पण तो भाग भंडाऱ्यास मिळतो काय, निदान साठ किलोमीटरवरच्या नागपुरास तरी मिळतो काय, हें आधीं विचारावें. कांहीं यंत्रांवर घड्याळ असतें, कांहीं मोबाइलवरून चालू होतात. त्यांविषयीं बोलण्यांत वेळ दवडीत नाहीं.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग महाग यंत्रच घ्यावें. थांबा, खरा प्रश्न यंत्राचा नाहीं, तो आपल्या पेल्याचा आहे.

ठिबक पद्धतीची कॉफी कोरी पिण्यासाठीं आहे. तींत विरघळलेला कॉफीचा अंश अवघा सव्वा टक्क्याच्या आसपास असतो. बाकी सर्व पाणी. जर्मन, डच वा अमेरिकन मनुष्य ती तशीच पितो, फार तर चमचाभर दूध घालतो. आपल्या घरची चाल निराळी. महाराष्ट्रीय घरांत कॉफी म्हणजे साखर घातलेलें कढत दूध, त्यांत कॉफीचा रंग व वर किसलेलें जायफळ. मद्रासकडील पितळी फिल्टर याच चालीसाठीं जन्मला आहे. त्याच्या वरच्या डब्यांत पूड दाबून बसवितात, थोडेंच पाणी घालतात, व तें सावकाश झिरपून खालीं दाट अर्क उतरतो. तो दुधांत मिसळला तरी आपलें अस्तित्व टिकवितो. ठिबक यंत्राची पातळ कॉफी अर्धा पेला दुधांत घातली तर कॉफी नाहींशी होते व दूध पाणचट होतें. ज्या घरीं सर्वजण दुधाचीच कॉफी पितात त्या घरीं पस्तीस हजारांचें यंत्र शेंकड्यांत मिळणाऱ्या पितळी फिल्टरपुढें हरेल. आणि यांत यंत्राचा कांहींही दोष नाहीं.

पुडीचाही विचार करावयास हवा. दक्षिणी फिल्टरसाठीं विकतात त्या पुडींत पुष्कळदां चिकोरी मिसळलेली असते. तिचें प्रमाण पाकिटावर छापलेलें असतें, तें वाचावें. ती पूड फार बारीकही असते. कागदाच्या गाळणींत ती घातली कीं छिद्रें बुजतात, पाणी तुंबतें व नरसाळें भरून वाहूं लागतें. ठिबक यंत्रास जाड रव्याएवढी, एकसारखी दळलेली, शुद्ध कॉफी लागते. मिक्सरच्या पात्यानें दळली तर कांहीं कण धुळीसारखे व कांहीं खड्यांसारखे निघतात. धूळ कडूपणा देते, खडे आंबूसपणा, आणि दोन्हीं एकाच पेल्यांत येतात. यास्तव जाणते लोक सांगतात कीं पैसे मोजकेच असतील तर ते आधीं दोन दांतेरी चकत्यांच्या दळणयंत्रावर खर्चावे. हातानें फिरविण्याचें तसलें यंत्र दोन-चार हजारांत मिळतें. दळलेल्या पुडीचा वास थोड्याच दिवसांत उडून जातो. तो गेल्यावर तांब्याची कांडी तरी काय करणार? ताज्या बियांची अडचण मात्र पूर्वीइतकी राहिलेली नाहीं. चिकमगळूर व कूर्ग येथील बिया टपालानें घरपोंच येतात. आणि आपल्या विदर्भांतच, चिखलदऱ्याच्या डोंगरावर, कॉफी पिकते, हें पुष्कळ विदर्भवासीयांसही ठाऊक नसतें.

कागदाच्या गाळणीचा एक गुण मात्र सांगितला पाहिजे. कॉफीच्या बींत कॅफेस्टॉल नांवाचा एक तेलकट पदार्थ असतो. तो रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढवितो. कागद तो बराचसा अडवितो, धातूची जाळी अडवीत नाहीं. ज्यांना डॉक्टरांनीं या बाबतींत जपावयास सांगितलें आहे व ज्यांना दिवसांतून तीन-चार पेले लागतात, त्यांच्यासाठीं ही गोष्ट चवीहून महत्त्वाची आहे. परंतु तो गुण कागदाचा आहे, यंत्राचा नव्हे.

आतां थोडें अंकगणित. शिक्षकास तें सोडवत नाहीं. पस्तीस हजारांचें यंत्र दहा वर्षें चाललें व रोज वापरलें तर दिवसास साडेनऊ रुपयांहून किंचित् अधिक पडतात. तेंच केवळ रविवारीं काढलें तर दर रविवारीं सदुसष्ट रुपये, पूड, दूध, कागद सोडून. विजेची चिंता नको. १४५० वॅटचें यंत्र सहा मिनिटें चालल्यास एका युनिटाचा सुमारें सातवा भाग लागतो. पुडीची मात्र चिंता करावी. सव्वा लिटरच्या भांड्यास सुमारें ६९ ग्रॅम पूड लागते, म्हणजे पावशेराचा पुडा चौथ्या खेपेस अपुरा पडतो. दोघांपुरती पाव लिटर कॉफी मोठ्या यंत्रांत करूं गेल्यास पुडीचा थर इतका पातळ होतो कीं पाणी भरकन् निसटतें. चार-पांच माणसें एकाच वेळीं कोरी कॉफी पीत असतील तरच मोठें यंत्र शोभतें.

विद्यार्थिनीस मीं सुचविलें तें असें : तीन-चारशें रुपयांचें एक नरसाळें व कागद आणावे, पाणी उकळून अर्धा मिनिट थांबावें, मग पेल्यास सात ग्रॅम या हिशेबानें पूड घेऊन हातानें हळूहळू ओतावें, आणि महिनाभर सर्वांनीं तीच कॉफी प्यावी. हातानें केलेली ही कॉफी उत्तम यंत्राच्या कॉफीच्या फार जवळ जाते. महिनाअखेर तिचें पत्र आलें. पहिल्या आठवड्यांतच यजमान दूध मागूं लागले होते. तिला स्वतःला मात्र कोरी कॉफी इतकी आवडली कीं पहांटेची चहाची संवय सुटली. एका माणसापुरती ती हातानेंच करते. सासूबाईंच्या कानाचें काम पुढच्या महिन्यांत झालें.

ज्यांचीं मुलें परदेशांत आहेत त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अमेरिकेंतील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तेथील यंत्र येथें सरळ लावल्यास उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक वाढते, आणि यंत्र पहिल्याच दिवशीं जळतें. व्होल्ट उतरविणारी पेटी मिळते, पण दीड हजार वॅट पेलणारी पेटी जड व महाग असते. मुलांनीं प्रेमानें पाठविण्यापूर्वींच त्यांना हें कळवावें. युरोपांतील वीज आपल्यासारखीच आहे; फक्त प्लग बदलावा लागतो. तो लहान सहा अँपिअरच्या खांचेंत लावूं नये; १४५० वॅटला सहा अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, तेव्हां गीझरची मोठी खांचच योग्य.

दुकानांतून घेणार असाल तर पूड न घालतां नुसतें पाणी भरून यंत्र चालवून दाखवावयास सांगा. नरसाळ्यांत स्वयंपाकाचा तापमापक धरा व घड्याळ लावा. मिनिटभरानें पारा ९० च्या वर गेला, सारें पाणी आठ मिनिटांच्या आंत उतरलें, आणि धार एकाच जागीं न पडतां पसरून पडली, तर यंत्र चांगलें. मग त्यावर किंमत कांहींही लिहिलेली असो. विक्रेता हें करूं देत नसेल तर दुसरें दुकान पाहावें.

आणि यंत्र घरांत आधींच आलें असेल तर त्याची निगा राखा. बोअरच्या जड पाण्यानें नळींत क्षार बसतो, पाणी चढेनासें होतें व लोक यंत्र बिघडलें म्हणून माळ्यावर टाकतात. दोन-तीन महिन्यांनीं लिटरभर पाण्यांत मोठा चमचाभर लिंबूफूल विरघळवून यंत्रांतून एकदां चालवावें, नंतर दोनदां साधें पाणी. थर्मासचें भांडें रोज सोड्यानें धुवावें. त्यांत राहिलेला कॉफीचा तेलकट थर खवट होतो आणि दुसऱ्या दिवशींची कॉफी बिघडवितो.