कॅराव्हॅनची टाकी आणि प्रवरेचे पाणी

मृगाचे पहिले शिंतोडे पडण्याच्या सुमारास अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या रानात हिरडा, बेहडा, सादडा ही झाडे काजव्यांनी लखलखू लागतात, आणि ते कौतुक पाहावयास मुंबई, पुणे, नाशिक येथून निघालेल्या मोटारींची रीघ तेथल्या शेंडी गावापर्यंत लागते. निजण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेले चाकांवरचे बिऱ्हाड, म्हणजे कॅराव्हॅन, घेऊन हिंडण्याची हौसही आता आपल्याकडे रुजू लागली आहे. २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरणच मंजूर केले. गादी किती मऊ, शेगडी कशी, याची चौकशी गाडी भाड्याने घेणारा गृहस्थ अगत्याने करतो. गाडीच्या तळाशी बसविलेल्या मैल्याच्या टाकीविषयी मात्र चकार शब्द काढीत नाही. विषय ओंगळ आहे, हे कबूल. परंतु ज्या जिल्ह्यातील पारनेरच्या रस्त्यांवर सेनापती बापटांसारख्या विद्वान क्रांतिकारकाने स्वतःच्या हाताने झाडू मारला, त्या जिल्ह्यात तरी या विषयाचा उच्चार करताना नाकाला रुमाल लावण्याचे प्रयोजन नाही.

अशा गाडीत सामान्यतः तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी न्हाणीच्या व भांड्यांच्या सांडपाण्याची, तिसरी मैलापाण्याची. लहान गाड्यांत तिसरीच्या जागी सुमारे वीस लिटरांची, बाहेरून ओढून काढता येणारी पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. मोठ्या गाड्यांत टाकी कायमची असून तिच्या तळाशी तीन इंची नळ व सरकत्या पात्याची झडप असते.

साऱ्या देखभालीचे मर्म या झडपेत आहे. मुक्कामी गटाराला नळ जोडून झडप उघडीच ठेवावी, म्हणजे मैला आपोआप वाहून जाईल व टाकी साफ राहील, असे नवख्यास वाटते. प्रत्यक्षात पातळ भाग तेवढा निथळून जातो, घन भाग शौचाच्या भांड्याच्या बरोबर खाली साचतो, वाळतो, आणि काही दिवसांत त्याचा असा टणक ढीग होतो की, वरून कितीही बादल्या ओतल्या तरी पाणी त्याच्या कडेने निघून जाते आणि ढीग जागचा हलत नाही. म्हणून झडप बंद ठेवावी, टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्यावी आणि मग ती एकदम सोडावी, म्हणजे लोंढ्याबरोबर गाळही निघतो. परदेशी पुस्तकांतून या बाबतीत पाणी सढळ हाताने वापरण्याचा जो उपदेश आढळतो, तो कागद वापरणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे जेट स्प्रेच्या कृपेने पाण्याची वाण पडत नाही, उलट टाकी अपेक्षेपेक्षा फार लवकर भरते, आणि भरलेली टाकी अंधार पडल्यावर एखाद्या ओढ्यात मोकळी करण्याचा मोह तेथूनच सुरू होतो.

टाकी सोडताना रबरी हातमोजे घालावेत, नळाची जोडणी हलवून पाहावी, आणि क्रम चुकवू नये: आधी मैलापाणी, नंतर सांडपाणी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळ आपसूक धुतला जातो. मग टाकीत स्वच्छ पाणी घालून, बाहेर येणारे पाणी निवळेपर्यंत ती खंगाळावी, आणि पुन्हा वापरण्यापूर्वी तळ झाकेल इतके पाणी तिच्यात अवश्य ठेवावे. जुना गाळ भिंतींना चिकटून बसला असेल, तर पाव टाकी पाणी व थोडा पातळ साबण घालून, झडप बंद ठेवून, गाडी शेंडीहून घाटघरकडे जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्याने न्यावी; घुसळण्याचे काम रस्ताच करतो. टाकी रिकामी असूनही पातळीचा दर्शक ती भरल्याचे सांगत असेल, तर यंत्र बिघडल्याची तक्रार करण्यापूर्वी हाच उपाय करून पाहावा, कारण बहुधा आतील पातळी जोखणाऱ्या खिळ्यांवर घाण बसलेली असते. पिण्याचे पाणी भरण्याची नळी आणि टाकी धुण्याची नळी या दोहोंची कधीही गाठ पडू देऊ नये, हे सांगावयास नको, तरीही सांगतो.

दुर्गंधी आली की फिनेल किंवा ॲसिड ओतावयाचे, हा आपला घराघरांतील दस्तूर. येथे तो घातक ठरतो. टाकीतील मैला अखेरीस कोणत्या तरी सेप्टिक टँकमध्ये जावयाचा असतो, आणि तेथे तो कुजविण्याचे काम ज्या जिवाणूंवर सोपविलेले आहे, त्यांचाच अशा द्रव्यांनी संहार होतो. बाजारातील काही परदेशी औषधांतील फॉर्माल्डिहाइडची कर्तबगारी हीच. त्याऐवजी विकरयुक्त औषध वापरावे, आणि ओले टिशू, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या यांना भांड्यात मज्जाव करावा. रेल्वेचा अनुभवही हाच. पूर्वी दौंड-मनमाड लोहमार्गावर प्रवाशांचा मैला सरळ रुळांवर पडे. संरक्षण संशोधन संघटनेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने सिद्ध केलेल्या जिवाणूंच्या टाक्या डब्यांखाली आल्या, आणि त्यांनाही सर्वांत मोठा उपद्रव झाला तो आत टाकलेल्या बाटल्यांचा व पुड्यांचा.

मैल्यातून मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. पहिला पेट घेतो. दुसऱ्याचे प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते, म्हणून वास येत नाही याचा अर्थ धोका नाही, असा करू नये. गाडीच्या टाकीत माणूस उतरू शकत नाही, हे सुदैव. परंतु ती जेथे रिती होते त्या सेप्टिक टँकमध्ये माणसे उतरविली गेली आणि मेली. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँकची अशी जोखमीची सफाई माणसाकडून करविण्यास मनाई केली, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबास तीस लाख रुपये भरपाई ठरविली. उपसा सक्शन गाडीनेच व्हावा. संगमनेरच्या सीमेला लागून असलेल्या सिन्नरने घरोघरच्या सेप्टिक टँकांचा दर तीन वर्षांनी पाळीपाळीने उपसा करून गाळावर प्रक्रिया करण्याचा बंदोबस्त केला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील गावांनी तो पाहून यावा.

आता टाकी ओढ्यात सोडली तर घाण कोठे जाते, ते पाहा. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते. १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदरा धरणात तिचे ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी अडते, तेथून ते निळवंड्यात, पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत, आणि संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या मुलखास शेतीसाठी व पिण्यासाठी जाते. धरणाच्या काठी ओढ्यात सोडलेल्या टाकीतील घाण या अवाढव्य साठ्यात विरून जाईल, असा युक्तिवाद करणारे भेटतील; पण त्या ओढ्याचेच पाणी हंड्याने भरणारी आदिवासी वस्ती धरणाच्याही वर आहे, आणि १९७४ चा जलप्रदूषण कायदा काही पाणी किती आहे हे विचारीत नाही. पर्यटन खात्याने कॅराव्हॅनला परवाना देण्याआधी शेंडीला टाकी रिकामी करण्याची पक्की जागा आणि तेथवर पोहोचणारी सक्शन गाडी यांची तजवीज करावी. ती नसताना काढलेल्या जाहिराती हा निव्वळ बेजबाबदारपणा होय. आणि वाचकांनी गाडी ठरविताना चालकास एवढे विचारावे की, ही टाकी तुम्ही कोठे रिती करता? उत्तर गुळमुळीत आले, तर बयाणा देऊ नये.