सुटाची दुसरी शिलाई

दुसऱ्याच्या मापाचा सूट अल्टरसाठी आला, की जुना मास्तर तो आधी उलटा करतो. गिऱ्हाइकाला आरशापुढे उभं राहायची घाई असते. मास्तरांना मात्र आतल्या शिवणी बघायच्या असतात: बगलेखालच्या, पाठीवरची मधली, पँटच्या सीटची. तिथे माया किती सोडली आहे यावर पुढचं सगळं ठरतं. आत घेणं त्या मानाने सोपं. सैल करायचं तर कापड लागतं, आणि ते पहिल्या शिंप्याने राखून ठेवलेलं असावं लागतं.

पँटच्या मागच्या शिवणीत तर शिंप्याची जातकुळीच कळते. चांगल्या पँटला कमरेशी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया असते, आणि खाली येता येता ती निमुळती होते. कमरपट्टीसुद्धा अखंड नसते. डावी-उजवी वेगळी लावून मधली शिवण सगळ्यात शेवटी मारलेली असते, म्हणजे उद्या पोट सुटलं तर ही एकच शिवण उसवून काम भागावं. पहिल्या मालकाच्या पोटासाठी केलेली ही सोय बरेचदा कामाला येते ती दुसऱ्या मालकाच्या. दोन इंच आरामात सुटतात. उलट, दोन इंचांपेक्षा जास्त आत घेतलं की मागचे दोन खिसे एकमेकांना भिडायला येतात. आपल्याला ते दिसत नाही, पण मागून चालणाऱ्याला नक्की दिसतं.

कोटाचं गणित याहून किचकट. पुढच्या बाजूने कोट वाढवता येत नाही; तिथे काजं पाडलेली आणि लॅपल वळवलेला असतो. जे करायचं ते बगलेतून आणि पाठीतून. लांबी फार तर इंचभर कमी करावी. जास्त केली तर खिसे आणि खालचं बटण जागच्या जागी राहतात, कोट तेवढा वर चढतो आणि माणूस अर्धवट वाढल्यासारखा दिसतो. बाहीची वेगळीच गंमत. मनगटाशी नुसती बटणं टाकलेली असतील तर ती काढून बाही आखूड करणं हे तासाभराचं काम. पण चांगल्या सुटाला तिथे खरी, उघडणारी काजं असतात. ती हलवता येत नाहीत. मग बाही मुंढ्यापासून उसवायची, वरून कापायची आणि पुन्हा चढवायची. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा थोडा मोठाच कापतात. ते जास्तीचं कापड वाफेच्या इस्त्रीने जिरवत, एक चुणी न पडू देता बाही बसवावी लागते. लोकर वाफेला दाद देते, म्हणून हे जमतं. गिऱ्हाईक मात्र मजुरी ऐकून म्हणतं, ‘‘एवढे? बाहीच तर आखूड करायचीय!’’

सगळ्यात अवघड खांदा. कॅनव्हास, पॅड, बाहीचा माथा, कॉलर असं सगळं तिथे एकत्र येतं. माणसाचे दोन खांदे क्वचितच सारखे असतात. माप घेऊन शिवणारा शिंपी उतरत्या खांद्याखाली जरा जाड पॅड घालून ते लपवतो. हा कोट सरळ खांद्याच्या माणसाने घातला की एका बाजूला विनाकारण उंचवटा येतो. पहिला मालक पोक काढून चालणारा असेल तर त्याची पाठ लांब कापलेली असते, आणि ताठ माणसाच्या मानेखाली कापडाची आडवी वळी जमते. मास्तर कॉलर सोडवून खाली घेतात, पॅड कमी करतात. पण खांदाच रुंद असेल तर माझं स्पष्ट मत आहे: सूट कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. ती दुरुस्ती जवळपास नव्या शिलाईच्या भावात पडते आणि पुरती साधेलच असं नाही.

जुन्या सुटांचा मोठा व्यापार लंडनमध्ये होता. मोझेस मॉस यांनी 1851 साली तिथे वापरलेल्या कपड्यांचा धंदा सुरू केला. पुढे सूट भाड्याने देण्यासाठी नावाजलेली ‘मॉस ब्रदर्स’ ती हीच. दुसऱ्या महायुद्धात तर नव्या कपड्यांवरच रेशन आलं. 1 जून 1941 पासून पहिल्या वर्षासाठी माणशी 66 कूपनं मिळाली, आणि कोट, वेस्टकोट, पँट असा सूट घ्यायचा तर त्यातली 26 जात. वापरलेल्या कपड्यांना कूपन लागत नसे. सरकारनेच 1943 मध्ये जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याची पुस्तिका काढली, आणि पुरुषांच्या सुटांतून बायकांचे सूट बेतले जाऊ लागले.

एक जुनी युक्तीही होती: कोट उलटवणं. कापड वरून झिजलं की सगळा कोट उसवायचा आणि आतली न विटलेली बाजू वर आणून पुन्हा शिवायचा. दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या कापडाला हे चाले. पण छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे जाई. काजंही बाजू बदलत. ती रफू करून बुजवावी लागत आणि डावीकडे नवी पाडावी लागत. रफू कितीही बेमालूम असलं तरी खिसा चुगली करायचाच.

आपल्याकडे जुना सूट परक्याकडून सहसा येत नाही. तो वडिलांचा असतो, काकांचा असतो. लग्नात जावयाला सुटाचं कापड द्यायची पद्धत होती, आणि ठाण्यात 1925 साली सुरू झालेल्या रेमंडच्या कापडाला त्यात मान असे. एकदा बोहल्यावर आणि मग चार-दोन रिसेप्शनना मिरवलेले हे सूट डांबराच्या गोळ्यांत वर्षानुवर्षं पडून राहिले. बोहारणीला देऊन त्यावर पातेलं घेतलं नसेल, तर आज मुलाच्या अंगावर तो बघायची हौस कुटुंबात कोणाला तरी असतेच. वडील तेव्हा सडपातळ, मुलगा व्यायामशाळेत जाणारा, म्हणजे सैल करणं आलंच. टेरीवूल असेल तर पंचाईत वाढते. जुनी शिवण सुटली तरी सुईची भोकं आणि घडीची रेघ जात नाही. लोकरीवर ती वाफेने आणि ब्रशने बरीचशी बुजते. शिवाय मायेतलं कापड उन्हाधुळीपासून लांब राहिल्यामुळे गडद असतं, ते बाहेर आलं की बाजूला पट्टा उमटतो. मास्तर हा पट्टा जमेल तितका हाताखाली ठेवतात.

हल्लीचे बहुतेक रेडिमेड कोट यातलं फारसं सोसत नाहीत. त्यांत कॅनव्हास टाक्यांनी बसवलेला नसतो. वरच्या कापडाला गोंदाचं अस्तर गरम दाबून चिकटवलेलं असतं. वाफ जास्त लागली की ते सुटतं आणि छातीवर फुगे येतात. बाजूची शिवण उसवली तर आत जेमतेम अर्धा इंच माया मिळते. असा कोट मास्तर कमरेत आत घेऊन देतात, बाह्या आखूड करून देतात. सैल करायला आणला तर उलटा करून गिऱ्हाइकालाच शिवण दाखवतात.